पुंजाराम, स्टोन, अमरावती

“दगड,” महादेवराव म्हणाले आणि हसले. कागद त्यांनी उजेडाकडे धरला, पुन्हा डोळ्यांजवळ आणला. “दगडच. पाथरवटाचा ठावठिकाणा विचारला, तर साहेबानं दगड म्हणून कळवलं.” ओळीनं सरकी काढायचे रेचे फिरवत बसलेल्या बायकांपैकी दोघी-तिघी वखारीच्या कारकुनाच्या हसण्याला साथ म्हणून हसल्या. मैनाबाई हसली नाही. तिचा हात रेच्याच्या दांड्यावर तसाच राहिला होता. दोन लाकडी लाटांमध्ये कापसाचा पुंजका अर्धा अडकला होता, सरकी अलीकडे पडायची थांबली होती. पौषात याच महादेवरावांनी तिच्यासाठी एक पत्र लिहून दिलं होतं, आगगाडीच्या पुलांचा ठेका घेतलेल्या कचेरीला: अकोल्याचा पुंजाराम पाथरवट तीन वर्षांमागे तुमच्या टोळीबरोबर गेला, तो कुठे आहे, त्याची बायको वाट पाहते. तेच पत्र आज परत आलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणा साहेबानं इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. पण टपालाचा हरकारा बाळापूरच्या रस्त्यावर परवाच्या गारपिटीत सापडला, थैली भिजली, आणि दोन ओळींची शाई कागदभर पसरली. तीन शब्द तेवढे तगले. आरंभी पुंजाराम, शेवटी अमरावती, आणि मध्ये, आजूबाजूचं सगळं वाहून गेल्यावर एकटाच उरलेला, स्टोन.

“मंग ते हायेत म्हना,” मैनाबाई म्हणाली.

“आहेत तर. अमरावतीला दगड फोडत असतील. नाहीतरी दुसरं काय करणार?” महादेवरावांनी कागद घडी करून तिच्याकडे दिला, मग काहीतरी आठवून थांबले. पुण्याकडून आलेला माणूस, इंग्रजी जाणणारा. अर्धवट सांगून सोडणं त्याच्या जिवावर येई. “एक मात्र आहे. साहेब लोकांत स्टोन म्हणजे वजनही असतं. चौदा पौंडांचं. माणूस किती भरला ते त्यात सांगतात. तेव्हा काट्यावर कामाला असेल, किंवा आणखी काही. एका शब्दावरून काय सांगणार, बाई?” तेवढ्यात दारात कापसाच्या गाड्या आल्या आणि ते उठून गेले. अमेरिकेतल्या लढाईचं ते चौथं वर्ष. कापसाच्या पायी अकोल्यात कोणाला कोणासाठी थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहराकडे परतताना तिनं तो शब्द तोंडात धरून पाहिला. स्टोन. जीभ दातांना लागून सुटत होती आणि शेवटी ओठ मिटायच्या आत आवाज नाकातच संपत होता. काही केल्या तो पुंजारामला चिकटत नव्हता. पुंजारामचा दगड वेगळा होता. तो काळा होता, ओला केला की निळसर दिसायचा, आणि त्याला आवाज होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं नवऱ्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, पण त्याच्या टाकीचा आवाज ऐकला होता, टक टक टक, आणि मग जरा थांबून टक. ते थांबणं कशासाठी हे तिला वर्षभरानं कळलं. चौथा घाव घालायच्या आधी तो दगडावर फुंकर मारायचा. गल्लीतल्या बायका जात्याला टाकी लावून घ्यायला त्याच्याचकडे येत. त्याचे घाव किंचित डावीकडे झुकलेले, सगळे सारखे, जसं एखाद्या बाईनं गोधडीला टाके घालावे. पीठ बारीक पडे. तो बोलत नसे फार. दिवसाकाठी दहा वाक्यं, त्यातली चार दगडाशी. मैनाबाईला आधी वाटलं, आपला बाप कसा सारखा बडबडतो, हा असा का? मग तिला त्या न बोलण्याचीच सवय झाली. तीन वर्षं झाली होती, आणि माणूस आठवायचा म्हटलं की तिला त्याचे शब्द आठवतच नसत, कारण ते नव्हतेच. टक टक टक, आणि मग ती फुंकर. दुपारी वखारीत सगळ्या बायकांचे रेचे एकदम करकरत असताना एखादे वेळी तिला वाटे की मध्येच ती फुंकर ऐकू आली, आणि ती मान वर करी.

आणि एक वाक्य आठवे, ते त्याचं नव्हतं, तिचं होतं. त्यांना एक मुलगी झाली होती. आठ महिन्यांची होऊन गेली, तीन दिवसांच्या तापात. मोर्णेच्या काठी पुरली. त्यानंतर पुंजारामनं अंगणात एक लहानसा दगड घडायला घेतला, हातभर लांब, कडेनं वेल काढलेली. तीन दिवस तो त्यावर वाकलेला होता, भाकरीला उठत नव्हता, आणि मैनाबाई आत पडून तो आवाज ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती दारात आली आणि म्हणाली, “पोरगी होती तवा तिच्यासाठी एक खुळखुळा केला नाही. आता दगड घडून राहिले.” बस, एवढंच. तिनं आरडाओरडा केला नाही, साध्या आवाजात म्हणाली. त्यानं टाकी खाली ठेवली. वेल अर्धी राहिली. पंधरा दिवसांनी आगगाडीवाल्यांची टोळी पाथरवट शोधत आली तेव्हा तो टोळीबरोबर गेला. जाताना म्हणाला, “येतो.” पहिल्या वर्षी एकदा कोणाजवळ तरी जोंधळ्याचं पोतं पाठवलं, मग काहीच नाही. लोक म्हणत, दुसरी केली असेल. मैनाबाईला तसं कधी वाटलं नाही. तिला वाटे, आपण ते बोललो आणि त्याच्या हातातलं काहीतरी गेलं. ते परत द्यायचं तर आधी माणूस सापडायला हवा.

शेजारची नसीमबानो कागद पाहून म्हणाली, “स्टोन? अगं, साहेब लोक नगिन्याले बी स्टोनच म्हणते. माया मामू हैदराबादेत साहेबाकडे होता, थो सांगे. अंगठीतला नगीना. तुया घरवाला नगिन्याचं काम शिकला असंन तर मंग काय पायजे?” ती खोटं बोलत नव्हती, पण बरं वाटावं म्हणून बोलत होती, आणि मैनाबाईलाही दोन दिवस बरं वाटलं. तिनं त्याची जाड बोटं आठवली, अंगठ्याची नखं फुटलेली, आणि त्या बोटांत हरभऱ्याएवढा लाल खडा. हसू आलं तिला. तिसऱ्या दिवशी नसीमबानोचा भाऊ वाहेद आला. तो सरकारी दवाखान्यात जखमा बांधायच्या कामावर होता. त्यानं कागद घेतला नाही, वाचता येतच नव्हतं. नुसता शब्द ऐकला आणि बहिणीकडे पाहिलं.

“काय झालं?” मैनाबाई म्हणाली. “सांगा ना, भाऊ.”

“आमच्या दवाखान्यात डाक्टर साहेब रोज हाच शब्द बोलते,” वाहेद म्हणाला. “मुतखड्याले स्टोन म्हणते ते. वहीत असंच लिवते. पयले नाव, मंग बिमारी, मंग गाव.”

नाव, बिमारी, गाव. पुंजाराम, स्टोन, अमरावती. इतकं नीट बसलं ते, की मैनाबाईच्या डोक्यातून नगीना, वजन, फोडायचा दगड, सगळं एकदम गेलं. ती वाहेदला विचारत राहिली, आणि तो बिचारा सांगत राहिला: मोठा असला तर कापून काढावा लागतो, चारजण धरून बसतात, साहेबाचा हात चांगला असला तर माणूस उठतो. “आन् नसला तं?” वाहेद उठून चपला शोधायला लागला. त्या रात्रीपासून तिच्या स्वतःच्या ओटीपोटात काहीतरी जड होऊन राहिलं. बसताना जाणवे, उठताना जाणवे. माणूस दगडात आयुष्य घालवतो आणि दगड त्याच्या पोटात शिरतो, हे तिला अशक्य वाटत नव्हतं. पुंजारामच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, भाकरीवरसुद्धा दगडाची पिठी असायची. तिनंच ती भाकर झटकून त्याच्यापुढे ठेवली होती, किती वेळा. तिनं दोन दिवस वाट पाहिली, कशाची ते तिलाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं, किल्ली नसीमबानोकडे दिली आणि वखारीत कापूस उतरवून रिकामी परत निघालेली एक गाडी पाहून तीत बसली. गाडीवान नत्थुजी, अमरावतीकडचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्याची विधवा बहीण गाडीत होती म्हणून सोबतीची चिंता नव्हती.

तीन दिवसांचा रस्ता. समोरून कापूस भरलेल्या गाड्यांची रांग तुटतच नव्हती. त्या भरलेल्या, म्हणून रिकाम्यांनी बाजूला व्हायचं. दोन्हीकडच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून अडकून झाडं म्हातारी दिसत होती. मैनाबाई पाय दुमडून, पदर तोंडावर ओढून बसली होती. चैत्राची झळ, चाकांची धूळ, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर चाललेली माणसं, डोक्याला बांधलेली, तोंडं झाकलेली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ज्याच्याकडे पोचायचं तो पुढे होता, एका खाटेवर होता. रस्त्यावरच्या माणसांशी तिला काय करायचं होतं? ती पाहत होती ते रस्त्याकडेचे दगड. सरकारनं नवीन बसवलेले, पांढरे रंगवलेले, मैलामैलावर एक. “याले बी साहेब स्टोनच म्हणते,” नत्थुजीनं कागदाची गोष्ट ऐकून सांगितलं. “माइलस्टोन. सारं त्याहिचं एकाच शब्दात भागते. कंजूस लोक.” त्याची बहीण हसली. मैनाबाई प्रत्येक दगड येताना पाही आणि मागे जाताना पाही. त्यांचे घाव सरळ होते, कोणाचेही असावेत असे. एकदा तिला वाटलं की गाडी चाललीच नाही, तोच दगड पुन्हा पुन्हा आणून समोर ठेवतायत, आणि ती जन्मभर अकोला आणि अमरावती यांच्या मध्येच बसून राहणार. मग बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली, आणि पुढचा आकडा वेगळा होता असं नत्थुजी म्हणाला.

अमरावतीत काहीतरी बिघडलं होतं. तिला ते आल्याबरोबर जाणवलं, पण तिकडे लक्ष द्यायला ती मोकळी नव्हती. पेठेत गाड्या उभ्या होत्या, भरलेल्या, आणि कोणी वजन करत नव्हतं. दलाल लोक सावलीत घोळक्यानं उभे राहून हळू आवाजात बोलत होते. लढाई मिटतेय अशी तार आली होती, भाव बसत चालला होता. नत्थुजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि तिला दवाखान्याच्या फाटकाशी सोडून गेला. दवाखान्यात पुंजाराम नव्हता. कंपाउंडरनं वही दोनदा चाळली. या नावाचा माणूस या वर्षात नाही, गेल्या वर्षात नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. पण गेले इतके दिवस ती ज्या खाटेकडे येत होती ती खाटच एकाएकी काढून घेतल्यासारखं झालं, आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कंपाउंडर भला माणूस होता. म्हणाला, “पाथरवट आहे ना? मग छावणीतल्या साहेबांच्या कबरस्तानात विचारा. कबरीवर उभा करतात त्या दगडालाही स्टोनच म्हणतात. तिथं काम चालू असतं नेहमी.” त्यानं मदत म्हणूनच सांगितलं. मैनाबाईनं ऐकला तो फक्त कबरस्तान हा शब्द, आणि छावणीपर्यंतचा रस्ता आपण कसा चाललो हे तिला नंतर कधी आठवलं नाही.

दहा-बारा कबरी होत्या, चिंचेच्या झाडाखाली, मातीच्या बुटक्या भिंतीच्या आत. काळे दगड उभे, त्यांवर साहेबी अक्षरं. तिला ती चित्रासारखी दिसत होती. एका लहान कबरीपाशी ती थबकली. एवढीशी, मुलाची असणार. त्या दगडाच्या कडेनं वेल काढलेली होती. अर्धी नव्हे, पूर्ण, चारी बाजूंनी फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळालेली. पानांच्या शिरा किंचित डावीकडे झुकलेल्या. तिनं हात लावला. उन्हानं दगड तापला होता, तरी तिनं हात उचलला नाही. बोट वेलीवरून सरकवत ती पूर्ण फेरी मारून आली, आणि मग तिथेच मातीत बसली. तो इथे होता. या मुलाची आई त्याला काही बोलली नसेल, म्हणून वेल पुरी झाली. मग उठून तिनं बाकीचे दगडही पाहिले. आणखी तीन त्याच्या हातचे होते. पण शेवटचा, सगळ्यांत नवा, तिला कळेना. वेल तीच, झुकाव तोच, मात्र रेघ मध्येच वाहवत गेली होती. एक पान दुसऱ्यावर चढलं होतं, एक घाव कडेच्या बाहेर पडला होता. जसा कोणी त्याचा हात शिकायचा प्रयत्न करत होता. किंवा अंधारात घडवला होता.

“काय पायतेस, बाई?” मागून कोणीतरी म्हणालं. भिंतीची पडझड लिंपत असलेला म्हातारा होता, हाताला कोपरापर्यंत चिखलाचा गारा. तो अब्दुल रहीम मिस्त्री. “तुमच्यातलं कुनी इथं नसते.”

तिनं कागद काढला. त्यालाही वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघेना, म्हणून ती म्हणाली, “पयले घरच्याचं नाव हाये. अकोल्याचे पाथरवट. मंग लिवलं हाये स्टोन. मंग अमरावती.”

“मंग बराबर हाये,” अब्दुल रहीम म्हणाला. “स्टोन साहेबाकडेच हाये तो.”

“साहेबाकडे?”

“नाव हाये ते साहेबाचं. जसा मी अब्दुल रहीम, तसा थो स्टोन. कापसाचा साहेब. बंगला बांधून राहिला कॅम्पाच्या मांगं. पुलाचं काम सोडून पुंजाराम त्याच्याच संगं आला इकडे. दोन सालं झाली.”

नाव. मैनाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. महादेवराव, नसीमबानो, वाहेद, नत्थुजी, कंपाउंडर, सगळ्यांनी आपापल्या परीनं खरंच सांगितलं होतं, आणि माणसाचं नाव असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या तरी का येऊ नये? तिच्या माहेरच्या गल्लीत दगडू होता. मावशीची धोंडी होती. मागची लेकरं टिकली नाहीत की पुढच्याला असंच नाव ठेवतात, मातीमोलाचं, म्हणजे कोणाची नजर जाणार नाही आणि ते राहील. मुलगी गेल्यावर तिनंही मनाशी ठरवलं होतं, पुन्हा झालीच तर धोंडी म्हणायचं. पुंजारामला ते सांगायचं राहून गेलं होतं. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? काहीच नाही, मान हलवली असती. या साहेबाच्या आईचीही आधीची लेकरं गेली असतील का, समुद्रापलीकडे, तिकडे कुठेतरी? त्या बाईनं आपल्या पोराला दगड म्हटलं आणि तो जगला, मोठा झाला, इथवर आला. तिला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल एकाएकी इतकी माया दाटून आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अब्दुल रहीमला वाटलं, आनंदानं रडते आहे. म्हणून पुढचं सांगताना तो जरा चाचरला.

“पन बाई, थो इथं नाही. अकोल्याले गेला.”

“कवा?”

“चार दिवस झाले. भाव पडला, साहेबानं काम बंद केलं. सांगतलं, तीन आठवडे घरी जाऊन या. थो म्हणे, बायकोले घेऊन येतो. कधी बोलत नाही तो घरचं, पन त्या दिशी बोलला.”

चार दिवस. तिला निघून तीन दिवस आणि आजचा. मैनाबाई मनातल्या मनात रस्ता उलटा चालायला लागली. दुसऱ्या दिवशी उन्हात ती डुलकी घेत होती तेव्हा. मूर्तिजापूरला विहिरीवर पाणी प्यायला उतरले तेव्हा पुरुष पीत होते म्हणून ती पाठ करून उभी राहिली होती. पाठ करायच्या आधी दिसलेला त्यांतला एकजण ओंजळ तोंडाला लावून, डोकं एका बाजूला कलतं करून पाणी पीत होता, शेल्यानं अर्धं तोंड गुंडाळलेलं. तो असेल? पुंजाराम मान अशी कलती करत नसे. पण तिनं तरी पाठ का केली, पदर का ओढला, दगड कसले मोजत बसली रस्ताभर?

“एक सांगून ठेवतो,” अब्दुल रहीम गारा हातावरून खरवडत म्हणाला. “एकदम पाहून घाबरू नको. मागल्या दिवाळीत त्याचा डावा डोळा गेला. टाकी मारता मारता कपची उडाली. जखम भरली, नजर गेली. तवापासून कामात फरक पडला थोडा. थो म्हणे, असं तोंड घेऊन घरी कसा जाऊ? मीच लय समजावलं.”

नव्या दगडाकडे, त्या वाहवत गेलेल्या रेघेकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. ते उघड्यावर पडलेलं कोणाचं तरी अंग असावं तशी नजर वळवली.

आता काय करायचं? परत निघावं तर तो अकोल्यात कुलूप पाहून, नसीमबानोकडून ऐकून इकडे वळणार, आणि पुन्हा तोच रस्ता, तीच धूळ, पुन्हा कोणी कोणाकडे न पाहता जाणार. दोघांपैकी एकानं थांबायला हवं होतं. तीन वर्षं ती थांबलीच होती. नेमकी चार दिवसांमागे उठली. अब्दुल रहीमची बायको रजियाबी तिला आपल्या खोपटात घेऊन गेली. अर्धवट बंगल्याच्या आवारातच ते खोपट होतं, आणि समोर पुंजारामची कामाची जागा: छपराखाली घडलेले, न घडलेले दगड, कपच्यांचा ढीग. साहेब एकदा घोड्यावरून येऊन गेला, तांबूस दाढीचा, खांदे पडलेला तरणा माणूस. न उतरताच भिंतींकडे पाहून गेला. मैनाबाई रजियाबीबरोबर पाणी भरी, दळण दळी, आणि दुपारी छपराखाली जाऊन बसे. कोणत्या दगडावर हात लावला की कोणत्या महिन्याचं काम, हे तिला दोन दिवसांत कळायला लागलं. दिवाळीनंतरचे घाव आधी सैरावैरा होते. मग हळूहळू, एकेका दगडागणिक, सावरत गेले होते. पूर्वीसारखे झाले नव्हते. पण जमत चालले होते. ते वाचताना तिला असं वाटे की तीन वर्षांत तो कोणाशी एवढं बोलला नसेल, आणि ती बोटं तिथेच ठेवून बसे, डोळे मिटून. दिवस मोजायचे तिनं सोडून दिले. एकदा रजियाबी म्हणाली, “जेव वं, बाई, तो येईल तवा तुले उचलून न्यावं लागन,” आणि मैनाबाई जेवली. चौथ्या दिवशी का पाचव्या, तिला वाटायला लागलं की तो अकोल्यालाच थांबला. बायको आपल्याला शोधत गेली हे ऐकून तो आणखी दूर कुठे निघून गेला. असं तोंड घेऊन. ते वाटणं एका दुपारपुरतंच टिकलं, पण त्या दुपारी ती छपराखाली गेली नाही.

तो आला तेव्हा ती विहिरीवरून येत होती. डोक्यावर घागर होती. आवाराच्या तोंडाशी तिला एक माणूस दिसला, धुळीनं पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, काखेत गाठोडं. चालणं पाहून तिनं ओळखलं. घागर तिनं खाली ठेवली, आवाज न होऊ देता, का ते तिलाही कळलं नाही. तो छपराकडे गेला, मान पार उजवीकडे फिरवून, मग आणखी फिरवून त्यानं आवारावर नजर टाकली. ती पंधरा हातांवर उभी होती, त्याच्या डाव्या अंगाला, आणि त्याला दिसली नाही. खोपटाचं दार ओढलेलं होतं; रजियाबी बाजारात गेली होती. तो एका दगडावर बसला. डोक्याचा शेला सोडला.

मैनाबाई पाहत राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण तिनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. समोर येई तेव्हा ती खाली पाही. झोपलेला असे तेव्हा अंधार असे. कानापाशी केस पिकले होते. गालाचं हाड वर आलं होतं. भुवईपासून एक वण खाली उतरून मिटलेल्या पापणीत शिरत होता, आणि पापणी आत ओढली गेली होती, चुलीवरून काढलेल्या पोळीचा फुगा बसावा तशी. तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, हात लावावा, वणाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत, सावकाश. त्यानं शेल्याचं टोक तोंडाच्या वाफेनं ओलं करून डोळ्याचा कोपरा पुसला. मग शेला पुन्हा गुंडाळायला घेतला. पहिल्यांदा तो पट्टा कपाळावर चढला; त्यानं चाचपून पाहिलं, सोडला. दुसऱ्यांदा वण झाकला गेला पण तोंड भलतंच रानटी दिसायला लागलं. त्यालाही ते जाणवलं असावं, पाण्याच्या हंड्यावर वाकून त्यानं आपलं रूप पाहिलं आणि पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा त्यानं फार जपून, एकेक वळसा बोटानं दाबत, पट्टा असा आणला की डोळा तेवढा झाकावा, आणि वर साधा बांधल्यासारखा दिसावा. हंड्यात पाहिलं. मान डावीकडे करून पाहिली, उजवीकडे करून पाहिली. मग हात मांडीवर ठेवून, लग्नाच्या पाटावर बसवलेल्या पोरासारखा, ताठ बसला.

ती तशीच थोडा वेळ उभी होती. छपराची सावली सरकून त्याच्या पायांवर आली. मग ती वळसा घालून, कपच्यांच्या ढिगामागून, त्याच्या उजव्या बाजूनं पुढे आली आणि पावलांचा आवाज होऊ दिला.

तो उठून उभा राहिला. हात आपसूक शेल्याकडे गेला आणि मध्येच थांबला. “घराले कुलूप होतं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “मी इकडे निंगाली होती.”

“नसीमबानोनं सांगतलं. मी बसलो बी नाही. तसाच फिरलो.” त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे विहिरीच्या वाटेवर, जिथे घागर एकटीच उभी होती. आवाज जरा खाली गेला. “कवाची उभी हायेस तू?”

“आत्ताच आली,” मैनाबाई म्हणाली.